क्लस्टर (नोड.जेएस)

क्लस्टर : एकाच पोर्टवर येणाऱ्या जोडण्या अनेक सर्व्हर-प्रक्रियांना वाटून देणारे नोड.जेएसमधील मॉड्यूल. २०११ मध्ये आलेल्या ०.६ या आवृत्तीपासून ते नोडसोबतच मिळते.

रायन डाल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या नोडमध्ये जावास्क्रिप्टचा कोड एका प्रक्रियेत एकाच थ्रेडवर चालतो. त्यामुळे आठ कोअरच्या यंत्रावर एकच सर्व्हर चालवला, तर बहुतेक कोअर रिकामे राहतात. म्हणून त्याच पोर्टवर दुसरा सर्व्हर सुरू करायला जावे, तर ‘ॲड्रेस आधीच वापरात आहे’ अशी एरर येते.

क्लस्टरमध्ये एक मुख्य प्रक्रिया ‘फोर्क’ करून कामकरी प्रक्रिया, म्हणजे वर्कर, उभे करते. प्रत्येक वर्करच्या कोडमध्ये ‘लिसन ८०००’ असे लिहिलेले असले, तरी पोर्ट खरोखर उघडते ती मुख्य प्रक्रियाच. वर्करची मागणी आतल्या संदेशवाहिनीतून तिच्याकडे जाते. आलेली जोडणी ती स्वीकारते आणि पाळीपाळीने एकेका वर्करला देते. विंडोज सोडून सर्वत्र हीच मूळ पद्धत आहे. वाटप ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवण्याचाही पर्याय आहे, पण तो असमतोल ठरतो : आठपैकी दोनच प्रक्रियांकडे ७० टक्क्यांहून अधिक जोडण्या गेल्याचे नोडच्या अधिकृत दस्तऐवजांत नमूद आहे. वर्कर कोसळला तर नवा आपोआप येत नाही. ‘एक्झिट’ घटना ऐकून तो पुन्हा फोर्क करावा लागतो.

सामायिक होते ते फक्त पोर्ट, मेमरी नव्हे. नवशिक्यांची फसगत नेमकी येथे होते. भेटींची संख्या साध्या चलात ठेवली, तर पान ताजे करताना आकडा १२, मग ९, पुन्हा १३ असा उड्या मारतो, कारण प्रत्येक वर्करचा चल वेगळा असतो. मेमरीत ठेवलेल्या लॉगिन सेशनचेही तेच. एका वर्करने ओळखलेला वापरकर्ता दुसऱ्याला परका असतो. अशी माहिती रेडिससारख्या बाहेरच्या साठ्यात ठेवावी, आणि तीही क्लस्टर सुरू करण्याआधी.

डेटाबेसच्या जोडण्यांचा हिशेब तर हमखास विसरला जातो. कनेक्शन पूल प्रत्येक वर्करचा स्वतंत्र असतो. पूलची मर्यादा १० आणि वर्कर आठ, म्हणजे ८० जोडण्या. अशी दोन यंत्रे असली की १६०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आहे. चाचणीत एकाच प्रक्रियेवर सुरळीत चाललेला सर्व्हर गर्दीच्या वेळी अडतो तो यामुळे. डेटाबेसची मर्यादा वर्करांच्या एकूण संख्येने भागूनच पूलचा आकार ठरवावा.

मेमरीच सामायिक हवी असेल, तर २०१८ मध्ये १०.५ या आवृत्तीत आलेले वर्कर थ्रेड्स हे मॉड्यूल आहे. शेअर्ड ॲरे बफरमुळे एकाच प्रक्रियेतील थ्रेड तोच डेटा वाचू-लिहू शकतात. क्लस्टरच्या वर्करांना ती सोय नाही. प्रक्रिया एकमेकींपासून अलग ठेवण्याची गरज नसेल, तर वर्कर थ्रेड्सच वापरावेत, अशी अधिकृत दस्तऐवजांची शिफारस आहे.