पापणीच्या केसापासून घरगुती यंत्रापर्यंत

१/४ विजेने केस समूळ काढण्याचे तंत्र सौंदर्यासाठी नव्हे, डोळ्यांसाठी जन्मले. आत वळलेले पापणीचे केस बुबुळाला घासून दृष्टी धोक्यात आणीत. त्यावरील विद्युत-उपचार अमेरिकेतील सेंट लुईसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केला.

२/४ सूक्ष्म सुई केसाच्या मुळाशी नेऊन दिष्ट प्रवाह सोडला, की त्वचेतील मीठ व पाणी यांपासून कॉस्टिक सोडा तयार होतो. तोच मूळ नष्ट करतो.

३/४ १९२०च्या दशकात उष्णतेने मूळ जाळणारी, अधिक जलद पद्धत फ्रान्समध्ये आली. पुढे यंत्रे आटोपशीर झाली आणि घरगुती वापरासाठीही मिळू लागली.

४/४ आज देऊळगाव राजात बसूनही वापरलेले यंत्र मागवता येईल. सुई मात्र नवी व निर्जंतुकच हवी. जुन्या सुईतून कावीळ पसरू शकते, चुकीच्या प्रवाहाने व्रण राहतो. मिशेल यांचे कौशल्य यंत्राबरोबर विकत मिळत नाही.