स्वमग्न मूल आणि त्याचे आईबाप

हाक मारली तर मूल वळून पाहत नाही. कडेवर घेतले तर नजरेला नजर देत नाही. फिरणारे चाक मात्र तासन्‌तास निरखीत बसते. अशा मुलाच्या आईच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच की, आपले काय चुकले? विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रश्नाला शास्त्राने फार निष्ठुर उत्तर दिले. ते उत्तर कसे खोटे ठरले, आणि ज्यांना आरोपी मानले तेच उपचारातील भागीदार कसे झाले, हा इतिहास मननीय आहे.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. ही अवस्था उपजत असावी, असे त्यांनी तेव्हाच सुचविले होते. परंतु आईबापांच्या थंड स्वभावाचाही त्यांनी उल्लेख केला, आणि १९४९ मध्ये त्यासाठी शीतकपाटाची उपमा योजिली. उपमा लोकांच्या ध्यानात राहिली. उपजतपणाचा मुद्दा मागे पडला. १९६७ साली शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांच्या ग्रंथाने हा दोषारोप घरोघर पोहोचविला.

या निवाड्याला आव्हान दिले ते एका पित्याने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलाच्या सेवेतील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. कारण आईच्या मायेत नसून शरीराच्या घडणीत शोधावे, असे त्यांनी १९६४ च्या ग्रंथात साधार मांडले. त्याला प्रस्तावना लिहिली ती खुद्द कॅनर यांनी. आणि १९६९ साली पालकांच्या सभेत त्यांनी आईबापांना उघडपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी केलेल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावा पुढे आणला.

दोष गेला, तरी मूल तेथेच होते. त्याच्यासाठी आईबापांनी करावे काय? नॉर्थ कॅरोलिनातील एरिक शॉप्लर व रॉबर्ट राइक्लर यांनी १९७१ साली पालकांना सह-उपचारकाचे स्थान दिले. पुढे इंग्लंडमध्ये जोनाथन ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी रीत सिद्ध केली. मूल व पालक यांच्या खेळाचे चित्रण करावयाचे आणि ते दोघांनी, म्हणजे मार्गदर्शकाने व पालकाने, मिळून पाहावयाचे. बाळ चमच्याकडे पाहत असेल, तर आईने चित्राचे पुस्तक पुढे न करता चमच्याविषयीच दोन शब्द बोलावे. बाळाने दिलेली अस्फुट खूण ओळखून तिला उत्तर द्यावे, एवढेच या रीतीचे मर्म. २०१० साली १५२ बालकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले, तेव्हा आईबापांचा प्रतिसाद पुष्कळ सुधारला होता. लक्षणांत मात्र फारसा फरक नव्हता. परंतु सुमारे सहा वर्षांनी, २०१६ मध्ये, लक्षणांची तीव्रताही कमी झालेली आढळली.

त्याच वर्षी गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांवरील प्रयोगाने आणखी एक गोष्ट दाखविली. तज्ज्ञ नसलेले, पण शिकवून तयार केलेले आरोग्यसेवकही हे काम करू शकतात. घरात आईशी स्वतःहून संवाद साधण्याचे मुलांचे प्रमाण वाढले. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेले निष्कर्ष तर निदानापूर्वीच्या टप्प्याचे होते. नऊ ते चौदा महिन्यांच्या, प्रारंभीची चिन्हे दिसणाऱ्या सुमारे शंभर बालकांपैकी ज्यांच्या आईबापांना ही रीत शिकविली, त्यांच्यात तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे निदान शेकडा सुमारे सात झाले. इतरांत ते शेकडा वीस होते. यावरून स्वमग्नता नाहीशी होते, असे मात्र समजू नये. संख्या लहान आहे, आणि निदानाच्या रेषेअलीकडे राहिलेल्या मुलांच्याही काही अडचणी उरतातच.

येथेच सावध राहिले पाहिजे. आईबाप मदत करू शकतात, या वाक्याचा अर्थ, मूल सुधारले नाही तर ती त्यांचीच कसूर, असा कोणी लावील, तर जुनाच आरोप नव्या वेषाने घरात शिरेल. घरकाम व नोकरी सांभाळून मुलापाशी बसणाऱ्या आईला शिकविणारा माणूस हवा, वेळ हवा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा समजूतदारपणाही हवा. 'माझे काय चुकले?' याचे उत्तर शास्त्राने आता दिले आहे: काही नाही. 'मी काय करू?' या तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना तिला एकटी न सोडणे, हे समाजाचे काम आहे.