परवान्याच्या बासनातील दुकान

वरळी कोळीवाड्याच्या टोकाशी इंग्रजांनी १६७५च्या सुमारास बांधलेल्या चिमुकल्या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले म्हणजे, ज्या मुंबईत शस्त्र हे सत्तेचे उघड भूषण होते, तेथेच बंदुका विकण्याचा व्यवसाय पुढे सरकारी दप्तराच्या बासनात कसा बांधला गेला, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

लॉर्ड लिटनच्या १८७८च्या कायद्याने शस्त्र बाळगणे व विकणे या दोहोंस परवाना आवश्यक केला. युरोपियनांस मात्र सूट! १८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. स्वराज्यात १९५९चा कायदा आला, तरी परवाना राहिलाच. आणि तो राहावा, हेच माझ्या मते योग्य.

परंतु बंदुका विकणाऱ्या लहान दुकानदाराची खरी विवंचना भांडवलाची नव्हे, गिऱ्हाइकाची. कापडवाला कोणाही वाटसरूपुढे ठाण उलगडील. बंदूकवाल्याच्या उंबरठ्यावर येणाऱ्या इसमाने मात्र प्रथम पोलीस आयुक्तांचा परवाना दाखवावा, मगच दुकानदाराने काडतुसांची पेटी उघडावी, आणि नगास नग नोंदवहीत उतरावा. त्यातच १९८०च्या दशकाच्या मध्यास, नेमबाज वगळता, बंदुकांची खासगी आयात बंद झाली. २०१९च्या दुरुस्तीने परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठरली. आयात बंद झाल्यापासून तर जुन्या विलायती बंदुकाच एका हातातून दुसऱ्या हाती फिरू लागल्या.