कुऱ्हाडीनें राखलेलें झाड

तोडलेलें झाड मेलें, अशी सर्वसाधारण समजूत असते. एक झाड तोडलें म्हणजे जगांतलें एक झाड कमी झालें, हा हिशेब इतका उघड वाटतो कीं त्याविषयीं कोणी शंकाच घेत नाहीं. परंतु इंग्लंडच्या पूर्वेस सफोक परगण्यांत ब्रॅडफील्ड नांवाचें एक जुनें वन आहे, आणि त्यांतील ॲश जातीच्या झाडाचा एक बुंधा ह्या हिशेबांत मुळींच बसत नाहीं. त्याचा व्यास सुमारें १८ फूट आहे. केंब्रिजचे वनेतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांनीं त्याचें वय निदान एक हजार वर्षें धरलें. ॲशचें झाड कोणी हात न लावतां वाढूं दिलें तर दोन-अडीचशें वर्षांत बहुधा त्याचें आयुष्य संपतें. मग हा बुंधा त्याच्या चौपट कसा जगला? त्याला माणसांनीं सरपणासाठीं पुनःपुन्हां तोडलें, म्हणून.

ॲश हा वृक्ष महाराष्ट्रांत होत नाहीं. हिमालयाच्या उतारांवर मात्र त्याचे भाऊबंद आढळतात. जाई-जुई आणि पारिजातक ज्या कुळांत मोडतात त्याच कुळांतला हा. पण फुलांचा थाट त्याच्याजवळ नाहीं. साल राखी, कळ्या कोळशासारख्या काळ्या, आणि पान दुरून पाहणाराला कडुनिंबाची आठवण करून देणारें. वसंतांत बाकीचें रान हिरवें झालें तरी हा बराच काळ उघडाच राहतो. इंग्रजींत त्याचें नांव आणि राखेचें नांव एकच आहे. पण हा योगायोग होय, दोन्ही शब्दांचीं मूळ रूपें निराळीं. लांकूड पांढुरकें, चिवट आणि धक्का सोसणारें. कुदळी-कुऱ्हाडींचे दांडे, गाडीच्या चाकांचे घेर, होड्यांचीं वल्हीं हीं त्याचीं होत आलीं. आणि क्रिकेटच्या यष्ट्याहि बहुधा त्याच्याच असतात.

ह्या झाडाचा खरा गुण मात्र जमिनीखालीं आहे. हिंवाळ्यांत पानें गळाल्यावर खोड जमिनीलगत तोडलें तर मूळ मरत नाहीं. वसंत लागतांच बुंध्याच्या कडेनें कोंब फुटतात आणि पहिल्याच उन्हाळ्यांत ते सरळसोट फोक पुरुषभर उंच होतात. मुळांचा सारा विस्तार जुन्या झाडाचा आणि पोसावयाचे नवे कोवळे फोक, अशी स्थिति असल्यानें ही वाढ बियांच्या रोपाला कधींच साधत नाहीं. कांहीं वर्षांनीं ते फोक मनगटाएवढे जाड झाले कीं पुन्हा तोडावे, पुन्हा फुटूं द्यावे. दर तोडीला बुंधा थोडा बाहेरच्या बाजूस सरकतो, मधला भाग कुजतो, आणि शतकें लोटल्यावर एकाद्या पडक्या विहिरीच्या कांठासारखें वर्तुळ उरतें. गुरांच्या वाटेवरचीं झाडें जमिनीलगत न तोडतां माणसाच्या डोक्यावर तोडीत, म्हणजे कोंब गुरांच्या तोंडाला लागत नसत. कोंकणांत राबासाठीं ऐनाचा टहाळ वर्षानुवर्षें तोडतात तरी ऐन उभाच असतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला ह्या रीतीचें फारसें नवल वाटणार नाहीं.

ही रीत किती जुनी म्हणावी? सॉमरसेटच्या दलदलींत १९७० सालीं लांकडी पायवाटेचे अवशेष सांपडले. त्या लांकडांतील वार्षिक वर्तुळें मोजून असें ठरलें कीं, ती वाट इ. स. पूर्व ३८०७-०६ ह्या सुमारास बांधली गेली. तिच्यांत ओकच्या फळ्या आहेत, तसेच ॲश आणि इतर झाडांचे लांब सरळ वासेहि आहेत. असे वासे रानांत आपोआप वाढलेल्या झाडांना क्वचितच मिळतात. ते तोडलेल्या बुंध्यांवरच्या फुटव्याचे असावेत असें संशोधकांचें मत आहे. म्हणजे लोखंड माहीत नसलेल्या लोकांनींहि दगडी कुऱ्हाडीनें झाड तोडून तें जिवंत ठेवण्याची विद्या हस्तगत केली होती.

ब्रॅडफील्डचें वन मध्ययुगांत बेरी सेंट एडमंड्स येथील मोठ्या मठाच्या मालकीचें होतें, आणि तेथील तोडीची नोंद १२५२ सालापासून मिळते. वनाचे वाटे पाडून दरसाल एक वाटा तोडीत. सगळे वाटे संपेपर्यंत पहिल्या वाट्यावरचे फोक पुन्हा तोडणीस येत. आपल्याकडे वखारवाले इमारती लांकूड आणि जळाऊ लांकूड असा भेद करतात, तसाच भेद तेथें वनांतच केलेला असे. ओकचीं कांहीं झाडें घरांच्या तुळयांसाठीं मोठीं होऊं देत. त्यांच्या खालीं ॲश, हेझल वगैरेंचा फुटवा सरपणासाठीं. आठव्या हेन्रीच्या राज्यांत १५४३ सालीं कायदाच झाला कीं, फुटव्याचें वन तोडतांना दर एकरीं निदान बारा मोठीं झाडें राखावीं, आणि तोडलेल्या भागाला कुंपण घालून कांहीं वर्षें तेथें गुरें शिरूं देऊं नयेत. कायद्याला भीति कुऱ्हाडीची नव्हती, गुरांच्या दांतांची होती.

आज सरपण म्हटलें कीं भला मोठा ओंडका आणि त्यावर उगारलेली कुऱ्हाड असें चित्र डोळ्यांपुढें येतें. मध्ययुगांतल्या मोळीविक्याला तें चित्र वेडगळ वाटलें असतें. जाड खोड पाडावयाचें, करवतीनें त्याचे तुकडे करावयाचे, मग पाचर ठोकून ते फोडावयाचे, एवढा खटाटोप कशाला? पांच-सात वर्षांचा फोक कोयत्याच्या एका घावांत सुटतो, मोळींत बांधला जातो आणि चुलींत तसाच जातो. फोडण्याची पाळी येई ती मोठ्या ढलप्यांसाठीं. शहरांतल्या शेगड्यांना आणि भट्ट्यांना त्या लागत, आणि त्यांत लबाडीहि पुष्कळ चाले. म्हणून १५५३ च्या कायद्यानें मोळ्यांचीं आणि ढलप्यांचीं मापें ठरवून दिलीं.

फोडण्याच्या कामीं मात्र ॲशसारखें दुसरें झाड नाहीं. त्याच्या लांकडांतील रेषा सरळ असतात. घाव नीट बसला कीं ओंडका वरपासून खालपर्यंत एकसारखा उकलतो आणि फुटतांना आवाजहि खणखणीत येतो. एल्मचें लांकूड ह्याच्या अगदीं उलट. त्याच्या रेषा एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात कीं पाचर आंत अडकून बसते. पण हाच गुण झाड पाडणाऱ्याच्या जिवावर बेततो. एका बाजूला कललेलें ॲश तोडतांना घाव अर्धवट असतांनाच खोड उभें चिरत जातें, आणि मागचें अर्धें खोड उसळून तोडणाऱ्याच्या छातीवर येतें. अनुभवी लांकूडतोडे ह्या झाडाला इतर झाडांपेक्षां अधिक जपून हात घालतात.

सरपण म्हणून त्याची कीर्ति आणखी एका कारणानें आहे. नुकत्याच तोडलेल्या ॲशच्या वजनांत पाणी साधारण एक तृतीयांश असतें; ओकमध्यें तें जवळजवळ निम्मे. त्यामुळें इतर लांकडें वर्षदोन वर्षें वाळवावीं लागतात, तर हें ओलेंहि जळतें आणि धूर कमी करतें. भर थंडींत जिच्या घरचें सरपण संपलें त्या बाईला ह्या फरकाची किंमत सांगावी लागत नसे. जॉन एव्हलिन यानें १६६४ सालीं वृक्षांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतहि स्त्रियांच्या दालनांत जाळण्यास योग्य अशी ॲशची शिफारस आहे.

परंतु ती मोळी बाईला मिळे कशी? वन मठाचें किंवा जमीनदाराचें. काटक्या मात्र रिवाजानें गांवकऱ्यांच्या. मेंढपाळाच्या आंकडीला किंवा कापणीच्या कोयत्याला पोचेल एवढें सुकें लांकूड गरिबांनीं न्यावें असा पुष्कळ ठिकाणीं प्रघात होता, आणि ‘हरप्रयत्नानें’ ह्या अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार त्यावरूनच निघाला असें सांगतात. हा हक्क हळूहळू आकसत गेला. १६६३ च्या कायद्यानें लांकडाचें ओझें नेणाऱ्याला नुसत्या संशयावरून पकडण्याची आणि घराची झडती घेण्याची मुभा दिली. विल्टशर परगण्यांत ग्रेट विशफर्ड आणि बारफर्ड सेंट मार्टिन ह्या गांवांचा ग्रोव्हली वनांत सरपणाचा जुना हक्क होता. १६०३ सालीं तो लेखी नमूदहि झाला. तरीसुद्धां १८२५ सालीं बारफर्डची ग्रेस रीड आणि तिच्या सोबतिणी लांकूड गोळा करावयास गेल्या म्हणून त्यांना तुरुंगांत घातलें. पुढें त्या सुटल्या आणि हक्कहि टिकला. विशफर्डचे लोक अजूनहि दरवर्षीं २९ मे रोजीं पहांटे वनांत जाऊन फांद्या आणतात. १८७८ च्या वनकायद्यानें हिंदुस्थानांतील गांवकऱ्यांचे पुष्कळसे असेच हक्क नुसत्या सवलती ठरविले, आणि १९३० सालीं संगमनेर, चिरनेर वगैरे ठिकाणीं जंगल सत्याग्रह झाले, तेव्हां वाद मुळांत हाच होता.

इंग्लंडांत हा वाद शेवटीं न्यायाधीशांनीं मिटविला नाहीं, कोळशानें मिटविला. न्यूकासलचा दगडी कोळसा जहाजांतून लंडनला फार पूर्वींच येऊं लागला होता. त्याच्या धुराला कंटाळून १३०७ सालीं राजानें चुन्याच्या भट्ट्यांत तो जाळण्यास मनाई केली. पण लोकसंख्या वाढली, लांकूड महागलें, आणि सतराव्या शतकांत कोळशानें लांकडाला मागें टाकलें. एव्हलिननेंच १६६१ सालीं लंडनच्या धुराविरुद्ध पुस्तक लिहिलें, तें व्यर्थ गेलें. पुढें कालवे आणि मग आगगाड्या झाल्या, तसा कोळसा खेड्यांच्या चुलींपर्यंत पोचला. कोयते गंजूं लागले.

आतां तरी वनें निर्धास्त झालीं असतील, असें कोणाला वाटेल. घडलें तें उलटें. ज्याचें सरपण विकलें जात नाहीं त्या वनाची जमीन मालकाला सलूं लागली. ती नांगरून शेत करणें किंवा जुने बुंधे उपटून देवदारासारखीं लवकर वाढणारीं झाडें लावणें फायद्याचें झालें. रॅकहॅम यांनीं ह्यावर मोठा भर दिला आहे. लोखंडाच्या भट्ट्यांनीं ज्या भागांत शतकानुशतकें कोळशासाठीं लांकूड जाळलें तेथेंच इंग्लंडचीं वनें अधिक टिकलीं, कारण भट्टीवाल्याला पुढच्या वर्षींहि लांकूड हवें होतें. ब्रॅडफील्डच्या वनाचा मोठा भाग १९६० नंतरच्या दशकांत असाच नाहींसा झाला. जो उरला तो निसर्गसंरक्षकांनीं विकत घेतला आणि तेथें जुन्या रीतीनें तोड चालू ठेवली. दंताळ्यांचे दांडे करणारा एक कारखाना जवळपास होता, त्याच्या मागणीमुळें ती तोड तोंवर पुरती थांबली नव्हती, हें त्या वनाचें भाग्य.

यापुढचें संकट कुऱ्हाडीचें नाहीं आणि नांगराचेंहि नाहीं. पूर्व आशियांत मांचुरियाच्या ॲशवर एक बुरशी राहते. त्या झाडाला तिचा फारसा उपद्रव होत नाहीं. ती युरोपांत आली तेव्हां १९९० नंतर पोलंडमधलीं झाडें शेंड्याकडून वाळूं लागलीं. ब्रिटनमध्यें ती प्रथम २०१२ च्या फेब्रुवारींत एका रोपवाटिकेंत दिसली, आणि ऑक्टोबरांत नॉर्फोकमधील ॲशवेलथॉर्प येथील वनांत. त्या गांवाच्या नांवांतच हें झाड आहे. ब्रिटनमधील शंभरापैकीं ऐशीं ॲश ह्या रोगानें जातील असा अदमास केला जातो. अमेरिकेंत संकट वेगळें: तेथें २००२ सालीं डेट्रॉइटजवळ आशियांतलाच एक हिरवा भुंगा सांपडला, आणि लोकांनीं सरपण मोटारींत घालून गांवोगांव नेलें, त्याबरोबर तोहि गेला. कोट्यवधि झाडें मेलीं.

इंग्लंडच्या जुन्या विद्येवर ह्या बुरशीनें विलक्षण आघात केला आहे. तिचें बीज गळून पडलेल्या पानांच्या देंठांवर वाढतें आणि उन्हाळ्यांत जमिनीलगतच्या हवेंत उधळतें. बुंध्यावरचे कोवळे फोक नेमके तेथेंच असतात, आणि मोठ्या झाडापेक्षां ते लवकर बळी पडतात. म्हणून रोगाच्या भागांत ॲश जमिनीलगत तोडूं नये, असा सल्ला आतां दिला जातो. रोगट लांकूड ठिसूळ होतें. वरच्या फांद्या न सांगतां कोसळतात, त्यामुळें जेथें एक माणूस कुऱ्हाड घेऊन जाई तेथें आतां यंत्र न्यावें लागतें.

फुटव्यानें वाढलेलें झाड तेंच राहतें. हजार वर्षांत ब्रॅडफील्डच्या त्या बुंध्याची पिढी एकदांहि बदललेली नाहीं. बियांतून उगवणारें रोप निराळें असतें. सरे परगण्यांतील मार्डन पार्कच्या वनांत जुन्या झाडांची आणि त्यांच्याभोवतीं उगवलेल्या रोपांची तुलना करून २०२५ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यांत असें आढळलें कीं, नव्या पिढींत रोगाला तोंड देण्याचे आनुवंशिक गुण थोडे अधिक आहेत. निरोगी दिसणारें ॲश आतां शक्य तों तोडीत नाहींत, त्याचें बीं पडूं देतात. वाळलेलीं, धोक्याचीं झाडें तेवढीं पाडून फोडतात. इंग्लंडांत १ मे २०२१ पासून थोड्या प्रमाणांत विकल्या जाणाऱ्या सरपणांत वीस टक्क्यांहून अधिक ओलावा असूं नये असा नियम झाला; त्यामुळें ओलें जळण्याबद्दल नांवाजलेलें हें लांकूडहि वखारींत ढीग रचून वाळवत ठेवलेलें असतें.