आकडीची पूर्वसूचना

दिवस भरत आलेल्या बाईला एकाएकी आकडी यावी, दातखीळ बसावी आणि तिच्याबरोबर पोटातले मूलही जावे, असे प्रसंग आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी घडत. कोणी त्याला बाहेरची बाधा म्हणे, कोणी नशीब. इंग्रजीत या आकडीला एक्लॅम्प्सिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकदम लखलखणे. पण वीजसुद्धा आभाळ भरून आल्याशिवाय पडत नाही. ते आभाळ ओळखायला डॉक्टरांना किती काळ लागला, ते मी थोडक्यात सांगते.

पहिली खूण लघवीत सापडली. १८४३ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. जॉन लीव्हर यांना आकडी आलेल्या बायकांच्या लघवीत प्रथिन आढळले. दुसरी खूण रक्तदाबाची. १८९६ साली इटलीच्या रीव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र काढले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हाकेझ व नोबेकूर यांनी या दुखण्यात रक्तदाब चढतो असे दाखवले. दवाखान्यात दर खेपेला पट्टा बांधतात आणि लघवी तपासतात, ते यासाठीच.

परंतु या खुणा दिसल्या तरी कोणीचे दुखणे चार दिवसांत विकोपाला जाईल आणि कोण सुखरूप दिवस भरील, हे त्यांवरून नीट कळत नसे. बाळंतपण हाच या दुखण्याचा खरा उतारा. तिसावा आठवडा असेल तर लवकर सोडवावे म्हणजे बाळाला धोका, थांबावे तर आईला!

तिसरी खूण रक्तात मिळाली. २००३ साली अमेरिकेत बोस्टन येथे भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची व त्यांचे सहकारी यांनी दाखवले की, या दुखण्यात वारेतून एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन फार सुटते. रक्तवाहिन्या निरोगी ठेवणारे पीएलजीएफ हे दुसरे प्रथिन ते अडकवून ठेवते. मग आईच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिन गळू लागते. दुखणे दिसण्यापूर्वी सुमारे पाच आठवडे पहिले प्रथिन वाढू लागते, असे २००४ मध्ये आढळले. संशय असलेल्या बाईत या दोहोंचे प्रमाण ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात हे दुखणे बहुधा उद्भवत नाही, असे २०१६ मध्ये सिद्ध झाले. रक्तदाबामुळे रुग्णालयात ठेवलेल्या गर्भिणीला दोन आठवड्यांत दुखणे तीव्र होण्याचा धोका किती, हे सांगणाऱ्या अशाच तपासणीला मे २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने मान्यता दिली.

ही तपासणी अजून गावोगावी होत नाही, आणि ती कोणाला हवी हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण पहिल्या दोन खुणा पाहायला फारसा खर्च नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगड्यांखाली कळ येणे, तोंडा-हातांवर एकदम सूज येणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतरही काही आठवडे हा धोका राहतो.

आकडी नेहमी न सांगताच येते, हे आता खरे राहिले नाही. आपल्या लेकी-सुनांची ही पूर्वसूचना वेळेवर ऐकणे, हे घरातल्या आपणा थोरांचे काम आहे.