मूत्रकृच्छ्र, स्त्रियांमधील : उपचारांचा इतिहास

मूत्रकृच्छ्र, स्त्रियांमधील : लघवी करताना जळजळ किंवा वेदना होणे, ती वारंवार व थोडीथोडी होणे, जाऊन आल्यावरही मूत्राशय रिता झाल्यासारखे न वाटणे आणि ओटीपोटात कळ असणे या लक्षणांस मूत्रकृच्छ्र म्हणतात. मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा त्यासाठी जुना शब्दप्रयोग आहे. मूत्रकृच्छ्र हे रोगाचे नव्हे, लक्षणाचे नाव होय. त्यामागील रोग कोणता, हे ठरविण्याची साधने काळानुसार बदलत गेली आणि साधनाने जे दाखविले नाही ते रोगिणीच्या मनातलेच असावे, अशी समजूतही त्यांबरोबर बळावत गेली.

स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंमी. लांब असतो, पुरुषाचा १८ ते २० सेंमी. शिवाय मूत्रद्वार, योनिमार्ग व गुदद्वार परस्परांजवळ असल्याने आतड्यातील सूक्ष्मजंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात निदान एकदा तरी हा त्रास होतो व त्यांतील काहींना तो पुनःपुन्हा होतो. सहा महिन्यांत दोनदा वा वर्षात तीनदा संक्रामण झाल्यास ते पुनरावर्ती मानण्याचा प्रघात आहे.

ईजिप्तमधील इ. स. पू. सु. १५५० च्या एबर्स पपायरसमध्ये मूत्रविकारांवरील योग आढळतात. भारतात चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले असून मूत्र अडण्याच्या विकारांचा, म्हणजे मूत्राघाताचा, विचार त्यांहून वेगळा केला आहे. सुश्रुतसंहितेतील उत्तरबस्तीचे (मूत्रमार्गातून औषध आत सोडण्याच्या क्रियेचे) वर्णन विशेष लक्षणीय आहे. नळी स्त्रीच्या मूत्रमार्गात दोन अंगुळे व मुलीच्या मूत्रमार्गात एकच अंगुळ घालावी, असा त्यात निर्देश आहे. दोन अंगुळे म्हणजे जवळजवळ ४ सेंमी. भरतात; तेव्हा हे माप प्रत्यक्ष हाताळणीतूनच आले असले पाहिजे. औषधांत गोखरू (सराटा), पाषाणभेद, वायवर्णा, घेटुळी आणि कुश, काश, दर्भ, शर व ऊस यांच्या मुळांचे तृणपंचमूळ ही प्रमुख होत. महाराष्ट्रातील घरगुती उपचारांतील धन्याजिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा व शहाळे ही याच परंपरेशी नाते सांगतात. या उपचारांचा एक गुण तरी निर्विवाद आहे : त्यांमुळे पोटात पाणी अधिक जाते.

मध्ययुगीन यूरोपात काचेच्या फुगीर कुपीत मूत्र घेऊन त्याचा रंग, गढूळपणा व साका यांवरून निदान करीत. कुपी वैद्याकडे पाठविली जाई व रोगिणी घरीच राही. तिचे म्हणणे न ऐकताच निदान होऊ शकते ही कल्पना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीची आहे.

सूक्ष्मजंतुशास्त्राने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. विल्यम रॉबर्ट्‌स (१८३०–९९) यांनी १८८१ मध्ये ताज्या मूत्रातील सूक्ष्मजंतूंचे वर्णन केले. टेओडोर एशेरिख (१८५७–१९११) यांनी १८८५ मध्ये आतड्यातील एका दंडाकार सूक्ष्मजंतूचे वर्णन केले व १८९४ मध्ये तोच लहान मुलींच्या मूत्राशयशोथास कारणीभूत असल्याचे दाखविले. पुढे त्यांच्याच नावाने एश्चेरिकिया कोलाय म्हणून ओळखला जाणारा हा सूक्ष्मजंतू आजही बहुसंख्य संक्रामणांचे कारण असतो. याच दशकात आर्थर निकोलायर यांनी हेक्झामीन (मेथेनामीन) हे मूत्रातील जंतुनाशक म्हणून वापरात आणले. अम्लधर्मी मूत्रात त्यापासून फॉर्माल्डिहाइड मुक्त होते व ते सूक्ष्मजंतू मारते. १९३५ नंतर सल्फा औषधे, १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन व १९६० नंतरच्या दशकात नॅलिडिक्सिक अम्ल आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल यांची भर पडली आणि संक्रामण काही दिवसांत बरे होऊ लागले. हेक्झामीन मागे पडले.

मग प्रश्न उरला तो संक्रामण आहे की नाही हे ठरविण्याचा. बाहेर येताना मूत्रात त्वचेवरील सूक्ष्मजंतू मिसळतात. त्यांचा दोष कसा वगळावा? अमेरिकेतील एडवर्ड कास (१९१७–९०) यांनी १९५६ मध्ये दर मिलि. मूत्रात १,००,००० किंवा अधिक सूक्ष्मजंतू असल्यास ते खऱ्या संक्रामणाचे द्योतक मानावे, असे दाखविले. हे अनुमान त्यांनी काढले ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेले संक्रामण असलेल्या स्त्रिया आणि कोणतीच तक्रार नसलेल्या स्त्रिया यांच्या तपासणीवरून. तेवढ्यापुरते ते उपयुक्त व बिनचूक होते. पण हा आकडा प्रयोगशाळांनी सरसकट स्वीकारला आणि जळजळीने हैराण झालेल्या स्त्रीच्या मूत्रात दहा-वीस हजारच सूक्ष्मजंतू आढळले, तर अहवाल ‘संक्रामण नाही’ असा येऊ लागला. अशा स्त्रियांसाठी ‘मूत्रमार्ग लक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ झाली. कित्येकींचा मूत्रमार्ग शलाका घालून रुंद करण्यात आला. कित्येकींना चिंतारोगी ठरविण्यात आले. दोष कास यांचा नव्हे. मर्यादित प्रश्नाचे उत्तर सर्व प्रश्नांना लावणाऱ्यांचा होता.

ब्रिटनमध्ये स्वतः या विकाराने त्रस्त असलेल्या गायिका अँजेला किलमार्टिन यांनी १९७३ मध्ये मूत्राशयशोथावर स्वयंसाहाय्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते सामान्य स्त्रियांत फार वाचले गेले. शास्त्रीय उत्तर सिॲटल येथील विल्यम स्टॅम व सहकारी यांच्याकडून आले. १९८० मध्ये त्यांनी अशा काही स्त्रियांत क्लॅमिडियाचे संक्रामण असल्याचे दाखविले. १९८२ मध्ये त्यांनी मूत्राशयातून थेट घेतलेल्या मूत्राशी तुलना केली, तेव्हा लक्षणे असलेल्या व खरोखर संक्रामण झालेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या १,००,००० च्या निकषाने निसटतात असे आढळले. लक्षणे असताना दर मिलि. १०० सूक्ष्मजंतूही अर्थपूर्ण ठरू शकतात. २०१२ नंतर शिकागोजवळील लॉयोला विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी स्त्रियांच्या मूत्राशयातही सूक्ष्मजंतूंची वसती असते हे दाखविले. मूत्र मुळात निर्जंतुक असते, हे पाठ्यपुस्तकातील विधान त्यामुळे मागे घ्यावे लागले.

सूक्ष्मजंतू कोणत्याच संवर्धनात न सापडणाऱ्या वेदनांची कथा स्वतंत्र आहे. अलेक्झांडर स्कीन (१८३७–१९००) यांनी १८८७ मध्ये मूत्राशयाच्या भित्तीतील अशा शोथाचा उल्लेख केला. गाय हनर (१८६८–१९५७) यांनी १९१५ मध्ये आठ स्त्रियांच्या मूत्राशयातील विशिष्ट व्रणाचे वर्णन दिले. असा व्रण मूत्राशयदर्शकातून फार थोड्यांतच दिसतो. उरलेल्या रोगिणींच्या वाट्याला अविश्वास आला. आजारामागे भावनिक अस्वास्थ्य असावे, असे काही पाठ्यपुस्तकांतही म्हटले होते. व्हिकी रॅटनर यांनी वैद्यकीय शिक्षण घेत असताना स्वतः हा आजार भोगला आणि १९८४ मध्ये अमेरिकेत रुग्णांची संघटना स्थापन केली. त्यानंतरच या विकारावर संशोधननिधी मिळू लागला. आजही त्यावर सर्वांना लागू पडणारा उपचार नाही.

पुनरावृत्ती टाळण्यासाठी कमी मात्रेतील प्रतिजैव औषध महिनोन्‌महिने देण्याचा मार्ग दीर्घकाळ रूढ होता. सूक्ष्मजंतूंचा औषधांना वाढता प्रतिरोध लक्षात आल्याने इतर उपाय शोधले गेले. ऋतुनिवृत्तीनंतर योनिमार्गात एस्ट्रिऑल मलम लावल्यास संक्रामणे एकदम कमी होतात, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरील व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा, तर नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांना ३.२ वेळा त्रास झाला. २०२२ मध्ये ब्रिटनमधील २४० स्त्रियांवरील चाचणीत रोजच्या प्रतिजैव औषधापेक्षा मेथेनामीन उणे ठरले नाही. शतकापूर्वीचे औषध असे परत आले. ताप, थंडी, पाठीत कळ, मूत्रात रक्त किंवा गर्भारपण असल्यास मात्र घरगुती उपायांवर विसंबणे धोक्याचे असते.

पाणी भरपूर प्यावे व लघवी रोखून धरू नये, हा सल्ला चरकानेही वेगधारणाच्या निषेधात अर्धा देऊन ठेवला आहे. बाजारात, शेतात वा बसस्थानकावर दिवस काढणाऱ्या स्त्रीला तो पाळता येतोच असे नाही. जायला जागा नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया खेड्यांत व शहरांत सारख्याच आढळतात. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ नावाने सुरू झालेल्या मोहिमेने हा प्रश्न महानगरपालिकेपुढे मांडला. सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना विनामूल्य आणि स्त्रियांना मात्र त्याच कामासाठी पैसे, हा तिच्या पहिल्या आक्षेपांपैकी एक होता.