स्पॅम: डब्यातून खिशात

पनवेल स्थानकात लोकलची वाट पाहणाऱ्याच्या खिशात फोन थरथरतो. विमानतळाजवळ प्लॉट, आजच बुकिंग करा! पुढचं न वाचताच तो ‘स्पॅम’ म्हणून पुसून टाकतो.

शब्द मूळचा डब्यातला. अमेरिकेच्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली डुकराच्या मांसाचा डबा बाजारात आणला, त्याचं हे नाव. महायुद्धात आणि नंतरच्या रेशनच्या दिवसांत ब्रिटिशांनी तो इतका खाल्ला, की वीट आला.

त्या विटाचा विनोद केला ‘मॉन्टी पायथन’ या चमूने, बीबीसीवर, डिसेंबर १९७० मध्ये. खानावळीत जोडपं येतं. बाईंना स्पॅम नको असतो आणि मालकीण सांगते त्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तोच. शेजारच्या टेबलांवर व्हायकिंग (होय, शिंगांचे टोप घातलेले!) स्पॅमचाच गजर सुरू करतात, मग कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही.

पुढे संगणकावरच्या गप्पांत तोच तो मजकूर ओतण्याला हे नाव चिकटलं. १९९४ मध्ये दोन अमेरिकी वकिलांनी ग्रीन कार्डाची जाहिरात हजारो चर्चागटांत टाकली आणि शब्द सर्वतोमुखी झाला.

इंजिनीअरिंगची मुलं शिकतात ती ‘पायथन’ भाषाही अजगराची नव्हे, याच चमूच्या नावाची. तिच्या माहितीपुस्तिकेतल्या उदाहरणांत स्पॅम आणि अंडी अजून सापडतात.

मराठीने ‘स्पॅम’ला विभक्तीही लावून टाकली. मेल आला नाही म्हणणाऱ्या नातवाला आता आजीच विचारते, ‘स्पॅममध्ये बघितलंस का?’